क्रिकेटवीर बाळू पालवणकर

सन १८९२ च्या सुमाराची गोष्ट. पुण्यात गोऱ्या साहेबांचा एक क्रिकेट क्लब होता. त्या क्लबाच्या मैदानावर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा नोकरीस होता. खेळपट्टी झाडावी, तिच्यावर रूळ फिरवावा, सरावासाठी जाळ्या उभाराव्यात, ही त्याची कामे. या कामाबद्दल त्याला दरमहा चार रुपये वेतन मिळे. हाच मुलगा पुढे हिंदुस्थानातील अव्वल दर्जाचा गोलंदाज म्हणून गाजला. त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातील. रत्नागिरी जिल्ह्यातील पालवण या गावावरून त्यांना पालवणकर हे आडनाव मिळाले. त्यांचे वडील लष्कराच्या नोकरीत होते. त्यामुळे बाळूंचे बालपण पुण्यातील लष्करी वस्तीत गेले. गोरे अधिकारी क्रिकेट खेळत आणि जुने झालेले चेंडू व मोडक्या फळ्या टाकून देत. त्याच साहित्यावर बाळू आणि त्यांचे भाऊ हा खेळ शिकले. घरच्या गरिबीमुळे शाळा लवकरच सुटली. प्रथम एका पारशी क्लबात आणि मग साहेबांच्या क्लबात बाळू नोकरीला लागले.

साहेबांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकणारा हवा असे. ते काम बाळूंकडे आले. ते डाव्या हाताने मंदगती गोलंदाजी करीत. टप्पा पडताच चेंडू कधी आत वळे, तर कधी बाहेर. कधी तो अपेक्षेपेक्षा आधीच पडे, तर कधी वळतो असे वाटावे आणि सरळच जावा. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज. बाळूंनी आपल्याला एकदा बाद केले, की तो त्यांना आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात. तासन्‌तास चाललेल्या या सरावाने बाळूंचा हात तयार झाला. मात्र एवढी वर्षे गोलंदाजी करूनही त्या मैदानावर त्यांच्या हाती बॅट कधी आली नाही. नोकराने चेंडू टाकावा आणि साहेबाने तो टोलवावा, अशी तेथील रीत होती.

त्या वेळी पुण्यातील हिंदू खेळाडूंना साहेबांच्या संघाला हरवण्याची ईर्ष्या होती. त्यांना चांगला गोलंदाज हवा होता. परंतु बाळू हे चर्मकार समाजातील. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानीत. त्यांना संघात घ्यावे की न घ्यावे, यावर मोठा वाद झाला. अखेर त्यांच्या कौशल्यापुढे विरोध मागे पडला आणि बाळू हिंदूंच्या संघातून खेळू लागले.

मैदानावर सर्व खेळाडू एकाच चेंडूला स्पर्श करीत. चेंडू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाई, तेव्हा कोणाचा विटाळ होत नसे. परंतु चहापानाची वेळ झाली, की बाकीचे खेळाडू मंडपात जात आणि बाळू बाहेर उभे राहत. इतरांना चिनी मातीच्या पेल्यांतून चहा मिळे. बाळूंना तो बाहेर, फेकून देण्याजोग्या मातीच्या भांड्यातून दिला जाई. जेवणाच्या वेळी त्यांचे ताट वेगळे मांडीत. ज्यांच्यासाठी त्यांनी गडी बाद केले, तेच सोबती त्यांच्या पंक्तीला बसत नसत.

हा अपमान बाळूंनी मुकाट्याने सोसला, पण त्याचा परिणाम खेळावर होऊ दिला नाही. त्यांच्या गोलंदाजीच्या बळावर पुण्याच्या संघाने साताऱ्यास जाऊन तेथील साहेबांच्या संघाचा पराभव केला. या विजयाने लोकांत उत्साह पसरला. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषांनी बाळूंचे कौतुक केले. ज्याच्याबरोबर खेळता येते, त्याच्याबरोबर जेवता का येऊ नये, असा प्रश्न विचारी माणसांच्या मनात उभा राहिला.

सन १८९६ च्या सुमारास बाळू मुंबईस गेले. तेथे त्यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि ते हिंदू जिमखान्याच्या संघातून खेळू लागले. पुढे त्यांचे धाकटे भाऊ शिवराम हेही त्यांच्या जोडीला आले. सन १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन या संघांचा मोठा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला. या यशात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. मुंबईच्या जिमखान्यात पालवणकर बंधू इतर खेळाडूंच्या पंक्तीला जेवू लागले होते. पुण्यातील ते मातीचे भांडे येथे उरले नव्हते.

सन १९११ मध्ये हिंदी खेळाडूंचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पतियाळाचे महाराज त्याचे कर्णधार होते. संघात हिंदू, मुसलमान, पारशी असे सर्व समाजांचे खेळाडू होते. बाळूंचे वय तेव्हा पस्तीस वर्षांचे होते आणि खांद्याचे दुखणे त्यांना सतावीत होते. संघाला बहुतेक सामन्यांत हार पत्करावी लागली. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी आठ फलंदाज टिपले. लिस्टरशर परगण्याच्या बलाढ्य संघाचा हिंदी संघाने पराभव केला. त्या सामन्यात बाळूंनी ११ गडी बाद केले. ते परत आल्यावर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. त्या सत्कारात महाविद्यालयात शिकणारे तरुण भीमराव आंबेडकरही सहभागी होते.

एवढे यश मिळूनही एक अन्याय उरलाच होता. हिंदू संघातील सर्वांत अनुभवी गोलंदाज असूनही बाळूंना कर्णधारपद मिळाले नाही. ते दुसऱ्यांकडे जाई. एकदा कर्णधार नेमलेल्या पै यांनी, हा मान वास्तविक बाळूंचा होता, असे मोकळेपणाने सांगितले. सन १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि कर्णधार निवडताना त्यांचे भाऊ विठ्ठल यांनाही डावलले गेले. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला. त्यावर बरीच चर्चा झाली. पुढे बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार नेमण्यात आले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. थोरल्या भावाने तीस वर्षे जी वाट तुडवली, तिच्या शेवटी धाकटा भाऊ पोहोचला होता.

बाळू एकूण ३३ प्रथम श्रेणीचे सामने खेळले व त्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले. खेळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी सार्वजनिक कार्यात लक्ष घातले. सन १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. सन १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले, पण पराभूत झाले.

दिनांक ४ जुलै १९५५ रोजी मुंबई येथे बाळूंचे निधन झाले. भारताच्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केल्याचे त्यांनी पाहिले होते. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरविणारा कायदाही त्यांच्या मृत्यूपूर्वी एकच महिना, १ जून १९५५ रोजी, अमलात आला. ज्या रीतीने एका थोर गोलंदाजाला मंडपाबाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून चहा प्यावा लागला, ती रीत आता शिक्षेस पात्र ठरली होती. बाळूंनी मात्र साठ वर्षांपूर्वीच, हाती केवळ एक चेंडू घेऊन, त्या रीतीला आव्हान दिले होते.