विश्लेषण : जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचा जीव घेता येतो? कॅप्टन टॉम डडलीच्या खटल्यात काय ठरले?

भरसमुद्रात भरकटलेल्या होडीत एका मुलाचा जीव घेऊन तिघे जगले. नाइलाज होता, हा बचाव खुनाच्या आरोपात चालतो का? १८८४ चा ब्रिटिश निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो.

टॉम डडली कोण होता?
एसेक्सचा हा अनुभवी, देवभीरू खलाशी. मिन्योनेट ही छोटी नौका इंग्लंडहून सिडनीला पोहोचवण्याचे काम त्याने घेतले. मे १८८४ मध्ये ती निघाली. सोबत एडविन स्टीफन्स, एडमंड ब्रूक्स आणि १७ वर्षांचा रिचर्ड पार्कर होते.

होडीत काय घडले?
५ जुलैला अटलांटिक महासागरात नौका बुडाली. १३ फुटी होडीत सलगमचे दोन डबे होते, पिण्याचे पाणी नव्हते. मध्ये एक कासव मिळाले, तेही संपले. विसाव्या दिवशी पार्कर निपचित पडला असताना डडलीने प्रार्थना केली आणि त्याला ठार मारले. स्टीफन्सची संमती होती, ब्रूक्सची नव्हती. पार्करला कोणी विचारलेच नाही. त्याच्या मांसावर मात्र तिघेही जगले. चार दिवसांनी जर्मन जहाजाने त्यांची सुटका केली.

खटला कसा उभा राहिला?
डडलीने स्वतःच सारे सांगितले. समुद्रावर अशा वेळी हे चालते, अशी त्याची समजूत होती. लोकांची सहानुभूतीही त्याच्या बाजूने होती. सरकारने ब्रूक्सला साक्षीदार केले आणि उरलेल्या दोघांवर खुनाचा आरोप ठेवला.

बचाव का फेटाळला?
सरन्यायाधीश लॉर्ड कोलरिज यांचा मुद्दा सरळ होता. नाइलाज किती, हे मोजणार कोण? येथे मोजणाराच त्यातून वाचणार होता. शिवाय पार्करच का? तो सर्वांत लहान आणि दुबळा होता म्हणून. चिठ्ठ्याही टाकल्या नव्हत्या. खलाशांचे रक्षण हे तर कॅप्टनचे कर्तव्य.

मग फाशी का झाली नाही?
तत्त्ववेत्ता कांटने १७९७ मध्येच एक भेद केला होता. असे कृत्य चूकच. पण समोर मृत्यू उभा असताना पुढच्या शिक्षेची भीती माणसाला रोखू शकत नाही. ब्रिटनमध्ये वाट वेगळी असली, तरी शेवट तसाच काहीसा झाला. दोघांना फाशी सुनावली गेली, मात्र दयेच्या अधिकारात ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. दोष कायम राहिला, शिक्षा सौम्य झाली.

पुढे काय झाले?
डडली ऑस्ट्रेलियात गेला आणि शिडे बनवण्याच्या धंद्यात पडला. १९०० मध्ये प्लेगने त्याचा मृत्यू झाला, तोही सिडनीतच. मिन्योनेटला जिथे पोहोचायचे होते, तेच हे शहर.