हाडांची साक्ष : आंद्रेआस व्हेसॅलियस

तान्ह्या बाळाची टाळू भरताना घरातील वडीलधारी स्त्री किती हलक्या हाताने तेल घालते, हे आपण पाहिले असेलच. बोटाखाली मऊ लागणारी ती जागा म्हणजे कवटीच्या हाडांमधील फट होय. सामान्यतः दीड वर्षाच्या सुमारास ती भरून येते. नवजात बालकाच्या देहात अशी सुटी सुटी मिळून सुमारे २७० ते ३०० हाडे असतात, तर प्रौढ मनुष्याच्या देहात २०६. मधली हाडे कोठे हरवत नाहीत. ती एकमेकांस जुळून एक होतात. ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. परंतु मनुष्याने आपल्या हाडांकडे आपल्याच डोळ्यांनी पाहावे, एवढ्यासाठी एका तरुणाला आपल्या गुरूचा रोष पत्करावा लागला. त्याचे नाव आंद्रेआस व्हेसॅलियस.

त्याचा जन्म ३१ डिसेंबर १५१४ रोजी ब्रुसेल्स येथे झाला. वडील सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पदरी औषधे तयार करीत. लूव्हाँ येथील शिक्षणानंतर १५३३ साली तो वैद्यकासाठी पॅरिसला गेला. त्या काळी गेलन या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्याचा शब्द अंतिम मानला जाई. अध्यापक उच्चासनावर बसून त्याचा ग्रंथ वाचीत आणि खाली एखादा न्हावी प्रेताची चिरफाड करी. ग्रंथात एक आणि प्रेतात दुसरेच दिसले, तर चूक प्रेताची ठरे!

व्हेसॅलियसला हे रुचेना. पॅरिसच्या जुन्या दफनभूमीत उघड्यावर पडलेल्या अस्थींमध्ये तो तासन्‌तास बसे. डोळे बांधून केवळ स्पर्शाने कोणतेही हाड ओळखण्याची पैज तो मित्रांशी लावीत असे. १५३६ साली युद्धामुळे पॅरिस सोडून तो लूव्हाँला परतला. तेथे गावाबाहेरच्या वधस्तंभावर पक्ष्यांनी मांस खाल्लेला एका गुन्हेगाराचा सांगाडा त्याला दिसला. तो त्याने चोरून घरी आणला आणि हा पॅरिसहून आणला आहे, अशी थाप मारली. वाचकहो, हे कृत्य निर्दोष होते असे आपण म्हणू नये. ज्यांची प्रेते अशी नेली गेली, तीही देवाच्या प्रतिरूपाचीच माणसे होती. आपल्या आजच्या ज्ञानावर त्या अनाम जनांचे ऋण आहे, याचे स्मरण ठेवणे हेच उचित.

डिसेंबर १५३७ मध्ये पादुआ येथे त्याला वैद्यकाची पदवी मिळाली आणि लगेच तेथेच शस्त्रक्रिया व शरीररचना शिकविण्याचे काम त्याच्याकडे आले. तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. तो उच्चासनावरून खाली उतरला, सुरी स्वतःच्या हाती घेतली आणि विद्यार्थ्यांना जवळ बोलावले. १५४० साली बोलोन्या येथे त्याने माकडाचा आणि मनुष्याचा असे दोन सांगाडे शेजारी शेजारी उभे केले, तेव्हा गुंता सुटला. गेलनने ज्याचे वर्णन केले होते, तो देह पुष्कळ ठिकाणी माकडाचा होता. त्याच्या काळी मानवी प्रेत चिरण्याची मुभा नसल्याने त्याने प्राण्यांवरून मनुष्याचे अनुमान केले होते.

मग एकेक हाड साक्ष देऊ लागले. गेलनच्या मते खालचा जबडा दोन हाडांचा. व्हेसॅलियसने प्रौढात तो एकच दाखविला. गेलनच्या मते छातीच्या मधल्या हाडाचे सात भाग. व्हेसॅलियसला तीनच आढळले. स्त्रीपुरुषांच्या बरगड्याही त्याने मोजल्या. उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाच्या फासळीची कथा आहे, म्हणून पुरुषाला एक बरगडी कमी असते, असा लोकसमज होता. परंतु दोघांनाही बारा जोड्याच असतात. शरीरात एक अविनाशी हाड असून त्यातून पुनरुत्थानाच्या दिवशी देह उभा राहील, अशीही एक समजूत होती. तिचा वाद त्याने धर्मपंडितांवर सोपविला. यात शास्त्रवचनाचा अवमान कोणता? आदामाची एक फासळी काढली गेली, म्हणून त्याच्या लेकरांना ती कमी असावी, असे पवित्र शास्त्र कोठेही म्हणत नाही. ते आपणच त्यात घातले होते.

१५४३ साली बाझल येथे त्याचा मानवी देहरचनेवरील लॅटिन महाग्रंथ छापून निघाला. त्यातील दोनशेहून अधिक चित्रांचे लाकडी ठसे खेचरांवर लादून आल्प्स पर्वतापलीकडे नेले होते. त्याच वर्षी बाझलमध्ये देहान्त शिक्षा झालेल्या एका मनुष्याचा सांगाडा त्याने जोडला. तो आजही तेथील संग्रहालयात आहे.

ग्रंथाने कीर्ती आली आणि वैरही आले. पॅरिसमधील त्याचा गुरू सिल्व्हियस याने त्याला वेडा ठरविले. गेलन चुकला असे मानण्यापेक्षा गेलननंतर मनुष्याचे शरीरच बदलले असावे, असे म्हणणे त्याला सोपे वाटले! अशा टीकेने उद्विग्न होऊन, दरबारी वैद्य म्हणून सम्राटाकडे जाताना व्हेसॅलियसने आपली अनेक टिपणे जाळून टाकली. पुढे त्याला त्याची खंत वाटली.

पण दुसऱ्याच्या चुका दाखविणाऱ्याची खरी परीक्षा स्वतःची चूक निघते तेव्हा होते. पादुआत त्याच्यानंतर शिकविणाऱ्या गॅब्रिएले फॅलोपियोने १५६१ साली एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात गर्भाच्या व बालकांच्या हाडांचे सूक्ष्म निरीक्षण होते. व्हेसॅलियसचा सांगाडा मुख्यतः प्रौढाचा होता. घडत असलेल्या हाडांकडे फॅलोपियोने अधिक निरखून पाहिले. बाळाचा जबडा जन्मतः दोन भागांचाच असतो आणि पहिल्या वर्षात तो जुळतो. कमरेखालचे पाच मणके एक होण्यास पंचविशी उजाडते. मनगटाची हाडे जन्मवेळी मऊ कूर्चेचीच असतात. फॅलोपियोने मोठ्या आदराने लिहिले होते. व्हेसॅलियस तेव्हा स्पेनच्या दरबारात होता. त्याने त्याच वर्षअखेरीस सविस्तर उत्तर लिहिले. त्यात काही मान्य केले, काही नाकारले. परंतु गुरूने आपल्याशी केले तसे त्याने या तरुणाशी केले नाही. उत्तर पोहोचण्यापूर्वीच, १५६२ साली, फॅलोपियो मरण पावला.

१५६४ साली व्हेसॅलियस यात्रेकरू म्हणून यरुशलेमला गेला. परतीच्या वाटेवर, ऑक्टोबर महिन्यात, झाकिन्थोस या ग्रीक बेटावर त्याचा अंत झाला. त्याची कबर आज कोणालाही दाखविता येत नाही. ज्याने मनुष्याचे हाड न्‌ हाड ओळखले, त्याची स्वतःची हाडे कोठे आहेत, हे केवळ देव जाणतो.

वाचकहो, यहेज्केलाला खोऱ्यातील शुष्क अस्थी दाखविल्या गेल्या, तेव्हा त्याला त्यांच्यामधून चोहोकडे फिरविले गेले. डोळे मिटण्यास सांगितले नाही. निर्माणकर्त्याच्या कृतीकडे प्रामाणिकपणे पाहिल्याने विश्वासाला धोका नाही. धोका आहे तो आपल्या समजुतींना त्याचे नाव देण्यात. बाळाची सुटी हाडे वर्षानुवर्षे जुळत बळकट होतात. आपले ज्ञान आणि आपला विश्वासही तसाच घडतो. कोणी धाकट्याने आपली चूक आदराने दाखविली, तर आपण सिल्व्हियस होणार की व्हेसॅलियस, याचा विचार आपण प्रत्येकाने करावा.