छोट्या पक्षाचे मोठे आमदार : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

मराठी भाषिकांच्या प्रश्नाची चर्चा सुरू झाली की एक मुद्दा हटकून निघतो. विधिमंडळात आपली माणसे मूठभर, सत्ता दुसऱ्यांची, भाषा दुसऱ्यांची. मग तिथे बसून करायचे तरी काय? कर्नाटकात २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, तेव्हापासून हा सूर अधिकच निराशेचा झाला आहे. आम्ही गुजरातेत राहणारे मराठी शिक्षक. आमचा तर विधिमंडळात कोणी नाहीच. तरीही हा सूर आम्हाला पटत नाही. तो का पटत नाही हे सांगण्यासाठी आम्ही डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील एक भाग वाचकांपुढे ठेवीत आहोत. घटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेब सर्वांना ठाऊक आहेत. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात एका छोट्या पक्षाचे पुढारी म्हणून त्यांनी काय केले, हे मात्र आमच्या विद्यार्थ्यांनाच काय, पुष्कळ शिक्षकांनाही सांगता येत नाही.

आमचे नंदेसरी हे वडोदऱ्याच्या उत्तरेस, मही नदीच्या बाजूचे गाव. रासायनिक कारखान्यांची वसाहत म्हणून ते गुजरातभर माहीत आहे. पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबे इथे आहेत. विहिरीचे पाणी कसे, नदीचे कसे, कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध होऊन पुढे कुठे जाते, हा इथला रोजचा विषय. म्हणून बाबासाहेबांच्या कामातला पाण्याचा धागा आम्हाला आधी दिसतो. शिवाय वडोदरा हे त्यांच्या आयुष्यातील वळणाचे ठिकाण. म्हणून आरंभ तिथूनच करू.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातील शिक्षक. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, म्हणजे खोतीच्या मुलखातले. मुंबईत बी.ए. होईपर्यंत महाराजा सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती त्यांना मिळाली आणि १९१३ साली महाराजांच्याच मदतीने ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. कराराप्रमाणे १९१७ च्या सप्टेंबरमध्ये ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. परदेशी पदव्या घेऊन आलेल्या या तरुणाला शहरात राहायला खोली मिळेना. पारशी वसतिगृहात नाव लपवून काही दिवस काढले, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. दुसरा आसरा मिळेना, तेव्हा त्यांनी कामाठी बागेत एका झाडाखाली काही तास काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. आमच्या शाळकरी मुलांना आम्ही हे सांगतो तेव्हा ती विचारतात, राजा चांगला होता ना, मग असे का झाले? याचे उत्तर बाबासाहेबांच्या पुढच्या कामात आहे. एका माणसाच्या चांगुलपणावर समाजाचे हक्क उभे राहत नाहीत; त्यांना कायद्याचा आधार लागतो, आणि कायदा झाल्यावर तो अमलात आणणारे लोकही लागतात.

याचा अनुभव महाडला आला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाचे सभासद सीताराम केशव बोले यांनी एक ठराव संमत करून घेतला. सरकारी अथवा सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा त्याचा आशय. महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे ठरविले; पण ठराव कागदावर राहिला. तळ्यावर जाण्याची कोणाची छाती होईना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली, नगरपालिकेने आपला ठराव फिरविला, तळे खाजगी आहे असा दावा दिवाणी न्यायालयात दाखल झाला. बाबासाहेबांनी तो जवळजवळ दहा वर्षे लढविला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पाणी ही सर्वांची वस्तू आहे, हे या देशात ठराव, सत्याग्रह आणि न्यायालय या तिन्ही पायऱ्यांनी सिद्ध करावे लागले. नंदेसरीसारख्या गावी राहणाऱ्यांनी तर हा क्रम पाठ करून ठेवावा असा आहे.

याच काळात ते स्वतः कायदेमंडळात होते. १९२७ च्या आरंभी सरकारने त्यांची मुंबई कायदेकौन्सिलवर नेमणूक केली. नेमलेला सभासद म्हणजे सरकारच्या हो ला हो म्हणणारा, अशी तेव्हाची समजूत. बाबासाहेबांनी ती खोटी पाडली. १९२८ साली कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा देण्याचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला. आईला विश्रांती देणे हे राष्ट्राच्या हिताचे असून त्या खर्चाचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई प्रांतात हा कायदा झाला. देशातील या प्रकारचा तो पहिला कायदा होय.

त्याच १९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी स्वतःचे विधेयक मांडले, ते महार वतनासंबंधी. वतनदार महाराला गावकामगार म्हणून दिवसरात्र राबावे लागे. मोबदल्यात थोडी इनाम जमीन, थोडे बलुते आणि नाममात्र पगार. घरचा एक आजारी पडला तर दुसऱ्याने जायचे. वतन म्हणजे मान, असे जुने लोक समजत. बाबासाहेबांनी दाखवून दिले की ती पिढीजात वेठबिगारी आहे. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करून कामाचे तास व मोबदला ठरवावा आणि ज्याला वतन सोडायचे त्याला जमीन राखून मोकळे होता यावे, असा त्यांचा प्रयत्न होता. विधेयकाला सरकारचा विरोध झाला, चिकित्सा समितीत त्याचे रूप पालटले आणि १९२९ साली त्यांनी ते मागे घेतले. म्हणजे पहिला डाव हरला.

१५ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. नावात जात नव्हती; शेतमजूर, कूळ आणि गिरणी कामगार यांचा पक्ष असे त्याचे स्वरूप होते. १९३७ च्या निवडणुकीत १७ उमेदवार उभे राहिले आणि त्यांपैकी बहुतेक निवडून आले. तरी १७५ जणांच्या सभागृहात ही संख्या ती काय! सत्ता काँग्रेसची, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर. अशा सभागृहात १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

खोती म्हणजे काय, हे आताच्या पिढीला समजावून सांगावे लागते. कोकणात सरकार आणि शेतकरी यांच्या मध्ये खोत असे. सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि कुळांकडून पिकाचा वाटा घ्यायचा, हा त्याचा अधिकार. वाट्याखेरीज फुकटची वेठ, निरनिराळ्या नावांची बाबती, कोर्टकचेरीची धमकी हे सारे आलेच. डोंगरउताराची वरकस जमीन असो की भाताचे खाचर, कसणाऱ्याला तिच्यावर हक्क नसल्याने बांध घालणे, झाड लावणे, माती राखणे यांत त्याला स्वारस्य कसे राहावे? जमीन राखली जावी असे वाटत असेल तर ती राखणाऱ्याची असली पाहिजे, हे सूत्र त्या विधेयकातून निघते, असे आम्हाला वाटते. खोतांना नुकसानभरपाई द्यावी, खोती संपवावी आणि प्रत्यक्ष कसणाऱ्यास कायम कबजेदाराचा हक्क द्यावा, अशी त्याची रचना होती. स्वतः बॅरिस्टर आणि अर्थशास्त्रज्ञ असल्याने त्यांनी केवळ घोषणा केली नाही, कलमे लिहून दिली.

विधेयक पुढे सरकेना. तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी कोकण आणि इतर जिल्ह्यांतील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलकडे निघाला. अलिबागकडे नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून चरीचा संप चालूच होता. मुंबईच्या मोर्चात बाबासाहेबांबरोबर शामराव परुळेकर आणि इंदुलाल याज्ञिक होते. याज्ञिक नडियादचे, म्हणजे आमच्या महीच्या पलीकडच्या तीरावरचे. पुढे महागुजरात चळवळीचे ते अग्रणी झाले. मराठी कुळांच्या मोर्चात एक गुजराती पुढारी अग्रभागी होता, ही गोष्ट आम्ही आमच्या गुजराती शेजाऱ्यांना आवर्जून सांगतो. भाषेचा अभिमान आणि शेजाऱ्याशी सख्य यांत विरोध नाही.

त्याच वर्षी सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. त्यात संपावर कडक निर्बंध होते. बाबासाहेबांनी सभागृहात त्याचे कलमवार वाभाडे काढले. काम नाकारण्याचा हक्क गेला की माणूस गुलाम होतो, अशी त्यांची मांडणी होती. बहुमताच्या जोरावर विधेयक संमत झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत कामगारांचा एक दिवसाचा संप झाला आणि त्यात मजूर पक्ष व कम्युनिस्ट एकत्र आले. त्याच महिन्यात संततिनियमनाच्या साधनांसंबंधीचा ठराव त्यांच्या पक्षाने मांडला, तोही फेटाळला गेला.

हिशेब मांडला तर हरल्याचीच यादी मोठी दिसते. पण वाचकहो, यादी इथे संपत नाही. १९३९ साली मुंबई प्रांतात कूळ कायदा झाला. १९४९ साली खोती नष्ट करण्याचा कायदा झाला. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली, म्हणजे बाबासाहेबांच्या निधनानंतर दोन वर्षांनी झाला. ज्यांनी आधी विरोध केला त्यांच्याच पक्षाच्या सरकारांना हे कायदे करावे लागले. छोट्या पक्षाच्या आमदाराचे विधेयक हे असे बियाण्यासारखे असते. पेरणारा एक, पीक काढणारा दुसरा.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. पाणी आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. दामोदर नदीच्या पुरानंतर त्या खोऱ्याची एकत्रित योजना आखण्यात, हिराकुडच्या पायाभरणीत आणि १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. नदीला प्रांताच्या सीमा कळत नाहीत, म्हणून तिचा विचार संपूर्ण खोऱ्याने करावा, ही दृष्टी त्यामागे होती. धरणांमुळे विस्थापित झालेल्यांचे प्रश्न पुढे किती तीव्र झाले, हे नर्मदेच्या शेजारी राहणाऱ्या आम्हाला निराळे सांगायला नको. पण पाणी अडविणे, पूर रोखणे आणि वीज गरिबाच्या घरी नेणे यांचा एकत्र विचार करणारे नेते तेव्हा थोडे होते.

आता भाषेविषयी. बाबासाहेबांना कोणत्याही एका बाजूचे ठरविणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९४८ साली भाषावार प्रांत आयोगापुढे त्यांनी मुंबईसह मराठी प्रांताची बाजू मांडली; मात्र प्रांताची राजभाषा केंद्राचीच असावी असाही आग्रह धरला. १९५५ साली मराठी मुलखाचे एकाहून अधिक भाग करावेत असे सुचविले. हे अनेकांना रुचले नाही. त्यांना भय होते ते भाषेच्या नावाखाली मोठ्या जातींनी छोट्यांना दडपण्याचे. हे भय आपण समजून घेतले पाहिजे. आपल्या गावातील सर्वांत दुबळ्या घराला जी भाषा न्याय मिळवून देते, तीच भाषा टिकते.

आणि त्यांचे आचरण पाहा. सभागृहात आणि न्यायालयात ते इंग्रजीतून बोलत. पण त्याच गोष्टी लोकांना सांगण्यासाठी त्यांनी मराठी पत्रे काढली. १९२० चे मूकनायक, १९२७ चे बहिष्कृत भारत, १९३० चे जनता. निपाणीला १९२५ साली त्यांची परिषद झाली, तेथेही व्यवहार मराठीतूनच. वतन म्हणजे काय, खोताचा वाटा कायद्याने किती, हे कुळाला मराठीत कळले, म्हणूनच हजारो माणसे मोर्चाला आली. इकडे बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली राज्यकारभारातील शब्दांचा आठ भाषांचा कोश प्रसिद्ध करविला, तोही याच जाणिवेने. कायदा लोकांच्या भाषेत आला नाही तर तो वकिलांचा राहतो.

आमच्या समितीच्या बैठकांत आम्ही हेच सांगत आलो आहोत. मराठी शाळांचे वर्ग कमी होत चालले, मुले गुजराती आणि इंग्रजीत शिकतात, त्याचा विषाद करीत बसण्यापेक्षा तीन कामे हाती घ्यावीत. कूळ, कामगार, पाणी आणि ग्रामसभा यांच्या कायद्यांची सोपी मराठी टिपणे तयार करावीत. गावाच्या पाण्याविषयीचे सरकारी कागद मागवून ते मराठीत व गुजरातीत दोन्हीकडे वाचून दाखवावेत. आणि सभागृहात आपला एखादाच माणूस असेल, तर त्याच्या हाती निषेधाचे पत्रक देण्याऐवजी कलमवार लिहिलेले विधेयक द्यावे. ते पडेल, हे गृहीत धरावे. महार वतनाचे विधेयक पडल्यानंतर तो कायदा व्हायला जवळजवळ तीस वर्षे लागली. सीमाभागातील माणसे तर १९५६ पासून वाट पाहत आहेत. वाट पाहणे त्यांना नवे नाही. वाट पाहताना हातात लिहिलेला कागद असावा, एवढेच बाबासाहेबांचे चरित्र आपल्याला शिकविते.