गोपाळ गणेश आगरकर

गोपाळ गणेश आगरकर (१४ जुलै १८५६ – १७ जून १८९५) हे महाराष्ट्रातील समाजसुधारक, पत्रकार, लेखक व शिक्षणतज्ज्ञ होते. 'केसरी'चे पहिले संपादक, 'सुधारक'चे संस्थापक आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून ते ओळखले जातात. इंग्रजी विद्येतून मिळालेला विचार मराठीत आणणे हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते. या विद्येचा पाया वऱ्हाडातील अकोला येथे पक्का झाला.

बालपण

आगरकरांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी गरीब कुटुंबात झाला. कऱ्हाडला थोडे इंग्रजी शिक्षण झाल्यावर पुढील वर्गांची सोय होईना. त्यांनी मामलेदार कचेरीत उमेदवारी केली. शिक्षणासाठी ते रत्नागिरीला गेले. तेथे निभाव न लागल्याने परतून त्यांनी दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. त्यानंतर नातेवाइकांच्या आश्रयाने ते अकोल्याला गेले.

अकोल्यातील शिक्षण

वऱ्हाड १८५३ पासून ब्रिटिशांच्या कारभाराखाली होता. अमरावती व अकोला येथील इंग्रजी शाळा ही या प्रांतातील शालेय शिक्षणाची प्रमुख केंद्रे होती. सरकारी नोकरी, वकिली व महाविद्यालयीन शिक्षण या तिन्ही वाटा इंग्रजीतून जात. अकोल्याच्या शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी हे आगरकरांना मुख्याध्यापक म्हणून लाभले. महाजनी स्वतः कवी व भाषांतरकार होते; शेक्सपिअरच्या 'सिंबेलाइन' या नाटकाचे त्यांनी 'तारा' हे मराठी रूपांतर केले. अकोल्यात असतानाच आगरकरांनी 'वऱ्हाड समाचार' या पत्रात लेखन केले. १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले व पुढील शिक्षणासाठी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात दाखल झाले.

महाविद्यालयात असताना त्यांच्याकडे एकच सदरा होता व तो रात्री धुऊन ते सकाळी घालीत, अशी आठवण सांगितली जाते. जॉन स्टुअर्ट मिल व हर्बर्ट स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. येथेच बाळ गंगाधर टिळकांशी त्यांची मैत्री जुळली. एम.ए. होणाऱ्यास त्या काळी मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळे. मात्र आपण ती पत्करणार नसून अल्प वेतनावर लोकशिक्षण करणार असल्याचे त्यांनी आईला पत्राने कळविले.

अध्यापन व पत्रकारिता

१८८० मध्ये स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकर एम.ए. झाल्यावर रुजू झाले. ४ जानेवारी १८८१ रोजी निघालेल्या 'केसरी'चे संपादकपद त्यांच्याकडे आले. कोल्हापूर संस्थानाच्या कारभारासंबंधीच्या लेखनामुळे १८८२ मध्ये त्यांना व टिळकांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी मतभेद वाढल्याने १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला. पुढील वर्षी त्यांनी 'सुधारक' सुरू केला. त्याच्या मराठी भागाची बाजू आगरकर, तर इंग्रजी भागाची गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. बालविवाह, केशवपन व अस्पृश्यता यांवर त्यांनी टीका केली आणि मुलींना मुलांप्रमाणेच शिक्षण देण्याचा आग्रह धरला.

भाषाविषयक लेखन

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे त्यांनी 'विकारविलसित' (१८८३) या नावाने रूपांतर केले. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. त्यातील चंद्रसेनाची, म्हणजे हॅम्लेटची, गणपतराव जोशी यांची भूमिका गाजली. 'वाक्यमीमांसा' (१८८८) या ग्रंथात त्यांनी इंग्रजी व्याकरणातील वाक्यपृथक्करणाची पद्धत मराठीला लावून पाहिली. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या भाषेच्या रचनेकडेही त्याच शिस्तीने पाहावे, अशी दिशा या ग्रंथाने दाखविली.

अखेरचा काळ

सुधारणावादी मतांमुळे सनातन्यांनी आगरकरांच्या हयातीतच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दीर्घकाळच्या दम्याच्या विकाराने वयाच्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.