रामजन्माचा गीतकार : ग. दि. माडगूळकर

बी. ए. द्वितीय वर्ष

माणसाचा गाण्याशी पहिला संबंध येतो तो पाळण्यात. बाराव्या दिवशी बारसे होते, बाळाच्या कानात नाव सांगितले जाते, आयाबाया बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हाती देतात आणि पाळणा म्हणतात. पहिल्या दिवशी काय झाले, दुसऱ्या दिवशी काय झाले, असे करीत पाळणा बाराव्या दिवसापर्यंत येतो. रामाचा पाळणा आहे, कृष्णाचा आहे, शिवरायांचा आहे, बाबासाहेबांचाही आहे. आपल्याकडचे जन्माचे गाणे ते हे. केक कापताना म्हणायचे इंग्रजी गाणे फार पुढे आले आणि तेही मुळात वाढदिवसाचे नव्हते. अमेरिकेतील केंटकी राज्यात मिल्ड्रेड व पॅटी हिल ह्या दोन बहिणींनी बालवाडीतल्या मुलांसाठी सकाळच्या नमस्काराचे एक गाणे केले. ते १८९३ साली छापले गेले आणि त्याच चालीवर पुढे वाढदिवसाचे शब्द बसले. आज आमच्या धारूरच्या पोरांनाही ते पाठ आहे.

परंतु जन्माचे मराठी गाणे कोणते, असे विचारले तर मला चैत्र शुद्ध नवमीची दुपार आठवते. डोंगराच्या बाजूने गरम वारा येत असतो. देवळात पाळणा बांधलेला असतो, आयाबाया दोरी धरायला उभ्या असतात, सुंठवड्याचा वास सुटलेला असतो, आणि बारा वाजले की गुलाल उधळतो व कर्ण्यावर गीतरामायणातले रामजन्माचे गाणे लागते. ते गाणे कुणी लिहिले हे मला बारावीपर्यंत माहीत नव्हते. पाळण्यासारखेच तेही आपोआप झाले असेल असे वाटे. ते लिहिणाऱ्या कवीचे चरित्र मी महाविद्यालयात आल्यावर वाचले. ते इथे थोडक्यात सांगावे असे मनात आहे.

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे ह्या आजोळच्या गावी झाला. त्यांचे मूळ गाव माडगुळे. ही दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात आहेत. हा माणदेश म्हणजे कमी पावसाचा, खडकाळ माळांचा मुलूख. बालाघाटच्या माणसाला तो परका वाटणार नाही. त्यांच्या जन्माची एक हकीकत सांगतात. बाळ जन्मले ते रडेना, हालेना. ते गेले असे समजून परसात खड्डाही खणण्यात आला. तेवढ्यात सुईणीने शेवटचा उपाय म्हणून बाळाच्या बेंबीजवळ निखारा नेला. चटका बसला आणि बाळाने टाहो फोडला! ज्याने पुढे महाराष्ट्राला रामजन्माचे गाणे दिले त्याचा स्वतःचा जन्म असा झाला. त्या घरी त्या दिवशी गाणे कुठले! बाळ रडले हेच गाणे.

वडील औंध संस्थानात कारकून होते. मिळकत थोडी आणि खाणारी तोंडे पुष्कळ. आई बनुताई ओव्या रचीत. जात्यावर, पाळण्यापाशी आणि कीर्तनात कानावर पडलेले शब्द हीच ह्या मुलाची पहिली शाळा म्हटली पाहिजे. पुस्तकी शाळा आटपाडी, कुंडल आणि औंध येथे झाली. गणित काही केल्या जमले नाही आणि मॅट्रिकच्या परीक्षेत ते नापास झाले. शिक्षण तिथेच थांबले. ज्यांच्या कविता आज पाठ्यपुस्तकांत आहेत त्यांनी महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढली नाही. ही गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. गणिताची भीती मलाही होती आणि आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच.

घरची ओढगस्त पाहून तरुण माडगूळकर पोटासाठी कोल्हापूरला आले. तेथे त्या काळी चित्रपटाचा धंदा भरभराटीला आला होता. मास्टर विनायक यांच्या १९३८ सालच्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात त्यांना लहानसे काम मिळाले. वि. स. खांडेकर यांच्याकडे लेखनिकाचे काम करण्याचा योग आला. दुसऱ्याचे शब्द उतरवून घेता घेता आपले शब्द कसे बसवावेत हे ते शिकले असावेत. पुढे नवयुग चित्रपट संस्थेत के. नारायण काळे यांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. १९४२ साली दोन चित्रपटांची गीते लिहिण्याची संधी त्यांना मिळाली. एक ‘भक्त दामाजी’ आणि दुसरा ‘पहिला पाळणा’. नावाचा योगायोग पाहा! कवीच्या चित्रपटातील जीवनाचा आरंभही पाळण्यापासूनच झाला. त्याच वर्षी विद्याताईंशी त्यांचा विवाह झाला.

१९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट आला आणि माडगूळकरांचे नाव घरोघरी गेले. लावणी लिहावी त्यांनी, अभंगही त्यांनीच, आणि मोराला आंब्याच्या वनात नाचायला सांगणारे बालगीतही त्यांनीच. ते १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातील गीत पु. ल. देशपांडे यांनी संगीतबद्ध केले. ‘पुढचे पाऊल’, ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘जगाच्या पाठीवर’ ही नावे आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ असत. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा हिंदी चित्रपट जगभर नावाजला गेला. त्याची कथा ह्या मॅट्रिक नापास माणसाची होती. धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर हे ‘बनगरवाडी’चे लेखक. एका गरीब घरातून दोन थोर लेखक निघाले.

परंतु माडगूळकरांना खरे अमरत्व दिले ते गीतरामायणाने. पुणे आकाशवाणीवर सीताकांत लाड हे त्यांचे स्नेही अधिकारी होते. वर्षभर चालेल असे काहीतरी लिहावे असा त्यांचा आग्रह पडला आणि त्यातून रामकथा गीतांत सांगण्याची कल्पना आली. संगीत सुधीर फडके यांचे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या शुक्रवारी, पहिले गीत प्रसारित झाले. तेव्हापासून दर आठवड्याला एक नवे गीत. कवीने लिहायचे, संगीतकाराने चाल बांधायची, गायकांनी बसवायचे आणि शुक्रवारी सकाळी ते लोकांच्या कानी पडायचे. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे असे कितीतरी आवाज त्यात आले. त्या वर्षी अधिक महिना होता, म्हणून एका रामनवमीपासून दुसऱ्या रामनवमीपर्यंतची गीते बावन्नऐवजी छप्पन्न झाली. गीत लागायच्या वेळी लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, असे जुनी माणसे सांगतात.

रामजन्माचे गीत हे त्यातले सहावे. त्याच्या आधीची गीते वाचली म्हणजे ह्या सहाव्याचे मोल कळते. तिसऱ्या गीतात कौसल्या आपले रिकामेपण सांगते. वेलीला फूल आलेले पाहूनही तिच्या काळजात कळ उठते. मग यज्ञ होतो, पायसाचे दान मिळते, आणि सहाव्या गीतात एकदम साऱ्या नगरीतल्या बाया एकमेकींना ती बातमी सांगत सुटतात. म्हणजे हे गाणे राजाचे नाही, पुरोहिताचे नाही, ते सख्यांचे आहे. बारशाला जमणाऱ्या आयाबायांचे आहे. सातव्या गीतात आई बाळाचे कौतुक करू लागते. दुःख, वाट पाहणे, जन्म आणि कौतुक हा क्रम प्रत्येक घरातला आहे. माडगूळकरांनी त्यात अयोध्या वसवली एवढेच. पाळण्याची जुनी रीत त्यांच्या कानात मुरलेली होती, म्हणून हे गाणे लोकांनी आपले मानले आणि कवीला न विचारता देवळात नेले.

हे गीत सहज झाले नाही. कवी रात्रभर बसले होते, कागदावर कागद लिहून फाडत होते. सकाळी कुणीतरी विचारले, एवढा वेळ का लागला? तेव्हा ते म्हणाले म्हणे की प्रत्यक्ष प्रभू रामचंद्र जन्माला यायचे होते, कुणी अण्णा माडगूळकर नव्हे. लोक ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. मला मात्र ती वाचताना शेटफळ्याच्या परसातला तो खड्डा आठवला. अण्णा माडगूळकर तरी कुठे सहज जन्माला आले होते!

पुढे मानसन्मान पुष्कळ झाले. १९६२ पासून बारा वर्षे ते विधान परिषदेचे सदस्य होते. १९६९ साली पद्मश्री मिळाली. १९७३ साली यवतमाळच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लाभले. लोक त्यांना आधुनिक वाल्मीकी म्हणू लागले. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावन्न. त्यानंतर कितीतरी रामनवम्या गेल्या, पण बारा वाजता त्यांचे गाणे लागले नाही असे आमच्या गावात मी तरी कधी पाहिले नाही.

आता थोडे स्वतःविषयी. महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जात जन्मतारखेचा रकाना असतो. मी त्यात १ जून लिहिते. माझ्या पुष्कळ मैत्रिणीही तेच लिहितात. शाळेत घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लावत. माझे आईवडील ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की आमच्याकडच्या टोळ्या खाली कारखान्यांवर जातात. माझा जन्म सांगली जिल्ह्यात, फडाजवळच्या कोपीत झाला. दिवस कोणता, हे आईला सांगता येत नसे. पाचट, पाणी आणि मोळ्या ह्यांत तारखेकडे कोण पाहणार? वाढदिवस म्हणून माझ्यासाठी कधी कुणी गाणे म्हटले नाही, आणि त्याचे मला लहानपणी वाईट वाटे.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी आईला मोबाईलवर ते गाणे ऐकवले आणि कवीची हकीकत सांगितली. निखाऱ्याची गोष्ट ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली की हे गाणे तिने त्या कोपीत ऐकले होते. माझे बारसे होते. पाळणा नव्हता, लुगड्याची झोळी बांधली होती. शेजारच्या कोप्यांतल्या बाया पाळणा म्हणायला उभ्या राहिल्या आणि त्याच वेळी जवळच्या गावच्या देवळात रामजन्म झाला व कर्ण्यावर हे गाणे सुरू झाले. बाया हसल्या आणि आपला पाळणा थांबवून ते ऐकत राहिल्या.

मी पंचांग काढले. रामनवमी हा माझा बारावा दिवस, तर पहिला दिवस फाल्गुन वद्य त्रयोदशी, पाडव्याच्या तीन दिवस आधीचा. एकोणीस वर्षांनी मला माझा जन्मदिवस सापडला. अर्जात मी १ जूनच लिहीन, ते आता बदलणार नाही. परंतु माझ्या जन्माला गाणे नव्हते असे मी यापुढे म्हणणार नाही. माणदेशच्या एका कवीने ते आधीच लिहून ठेवले होते.