विश्लेषण : २,१४,७४,८३,६४७ ही संख्या खास का? दृष्टी गमावलेल्या ऑयलर यांनी तिचे कोडे कसे सोडवले?

दोन अब्ज १४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. ३२-बिट पद्धतीत धन-ऋण पूर्णांक साठवताना संगणक याहून मोठी संख्या ठेवू शकत नाही. २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ गाण्याचे व्ह्यूज याच आकड्यापुढे गेले, तेव्हा ही मर्यादा जगभर चर्चेत आली.

मात्र ही संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कशानेही तिला पूर्ण भाग जात नाही, हे १७७२ मध्येच सिद्ध झाले होते. सिद्ध करणारे लेओनार्ड ऑयलर तेव्हा जवळपास पूर्ण अंध होते.

कोण होते ऑयलर?

त्यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि मुलानेही तेच काम करावे, अशी त्यांची इच्छा होती. गणितज्ञ योहान बर्नुली यांनी मुलाची चमक ओळखून वडिलांचे मन वळवले. १७२७ मध्ये ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्गला गेले. तिथेच १७३८ च्या सुमारास त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली.

१७७१ मध्ये काय घडले?

२५ वर्षे बर्लिनमध्ये काढून ऑयलर १७६६ मध्ये पीटर्सबर्गला परतले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता. १७७१ मध्ये शहरात लागलेल्या आगीत त्यांचे घर जळाले. त्याच वर्षी डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, पण पुढे संसर्ग होऊन तीही दृष्टी गेली. १७७३ मध्ये पत्नी कॅथरिना यांचे निधन झाले. तरीही मुलगा आणि साहाय्यकांना मजकूर सांगत त्यांचे काम सुरूच राहिले.

इतकी मोठी संख्या तपासली कशी?

२ चा ३१ वा घात काढून त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. ती मूळ आहे का हे पाहण्यासाठी तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे साधारण ४६,३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. अशा मूळ संख्या चार हजारांहून अधिक आहेत.

ऑयलर यांनी भागाकार करण्याआधी चाळणी लावली. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे त्यांनी दाखवले. त्यामुळे जेमतेम पावणेचारशे संख्या उरल्या. त्यांतल्या मूळ नसलेल्या गाळल्या की काम आणखी कमी. एकानेही भाग गेला नाही.

आज त्याचा उपयोग काय?

१८ सप्टेंबर १७८३ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी ऑयलर यांचे निधन झाले. त्यानंतरही अनेक दशके हीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. तिच्यापासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कोणी शोधणार नाही, कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या, उपयोगाच्या नाहीत, असे मत गणितज्ञ पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये मांडले होते.

आज इंटरनेटवरील व्यवहार सुरक्षित ठेवणारी आरएसए पद्धत शेकडो अंकी मूळ संख्यांवरच चालते आणि तिच्या मुळाशी ऑयलर यांचेच एक प्रमेय आहे.