डॉ. भाऊ दाजी लाड : शिळा वाचणारा वैद्य

नांदगांवच्या स्टेशनावर आज उतरणाऱ्या उतारूंपैकीं थोड्यांसच हें ठाऊक असेल कीं, सन १९०० मध्यें मनमाडाहून औरंगाबादेकडे आगगाडी सुरू होण्यापूर्वीं वेरूळचीं लेणीं पाहावयास जाणारे लांबलांबचे प्रवासी येथेंच उतरत असत. आपला मुलूख जुन्या विद्येच्या व जुन्या कारागिरीच्या अवशेषांनीं भरलेला आहे. पूर्वेस लागूनच चाळीसगांव तालुका आहे. त्यांत डोंगराच्या पायथ्याशीं पाटण नांवाचें प्राचीन ठिकाण आहे. पाटणादेवी या नांवानें तें लोकांस परिचित आहे. तेथील देवळांतील एका शिलालेखांत शंभर राजांच्या कथांहून अधिक मोलाची हकीकत कोरलेली होती, परंतु ती वाचणारा कोणी उरला नव्हता. ज्या पुरुषानें ती शोधून काढून जगापुढें ठेविली, त्या डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचें चरित्र आज थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

भाऊंचें मूळ नांव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म सन १८२२ च्या सुमारास गोमंतकांत पेडणें महालांतील मांद्रें या गांवीं झाला. घरची स्थिति गरिबीची होती, व लहानपणींच ते वडिलांबरोबर मुंबईस आले. मुलगा बुद्धिबळांत विलक्षण हुशार होता. त्याची ही चलाखी एका इंग्रज गृहस्थाच्या दृष्टीस पडली, आणि त्यानें वडिलांचें मन वळवून मुलास इंग्रजी शिक्षण देवविलें, असें सांगतात. एल्फिन्स्टन विद्यालयांत शिक्षण घेऊन भाऊ तेथेंच शिक्षक झाले. काठेवाड व कच्छ येथील जाडेजा घराण्यांत मुली जन्मतांच मारण्याची जी क्रूर चाल होती, तिच्यावर त्यांनीं निबंध लिहिला व त्यास ६०० रुपयांचें बक्षीस मिळालें. पुढें सन १८४५ मध्यें मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें, तेव्हां भाऊंनीं शिक्षकाची नोकरी सोडून पुन्हां विद्यार्थ्याच्या बाकावर बसण्याचें पत्करिलें. आणि सन १८५१ मध्यें जी पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, तींत ते होते.

डॉक्टर म्हणून त्यांचा लौकिक लवकरच झाला. श्रीमंतांच्या घरीं त्यांस मान होता, परंतु गरिबांसाठींही त्यांनीं आपले बंधु डॉ. नारायण दाजी यांच्या साहाय्यानें धर्मार्थ औषधोपचाराची सोय केली. मुलींच्या शाळांस त्यांनीं पाठबळ दिलें. सन १८५२ मध्यें बाँबे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली, तिच्या कामांत ते पुढें होते. करसनदास मुळजी यांच्यावर वैष्णव महाराजांनीं भरलेला अब्रूनुकसानीचा खटला सन १८६२ मध्यें चालला. त्या वेळीं मोठमोठ्या घरचे लोक गप्प बसले असतां, डॉक्टर या नात्यानें जें पाहिलें होतें तें भाऊंनीं कोर्टांत शपथेवर सांगितलें. खरें बोलल्यानें धंद्याचें नुकसान होईल, हा विचार त्यांस आड आला नाहीं. मुंबईचे शेरीफ म्हणून त्यांची दोनदां, सन १८६९ व १८७१ मध्यें, नेमणूक झाली.

हें सर्व झालें, तरी त्यांच्या आयुष्याचें विशेष कार्य निराळेंच होतें. दिवसां रोग्यांची नाडी पाहणारा हा वैद्य उरलेला वेळ व मिळविलेला पैसा जुनीं हस्तलिखितें, नाणीं व शिलालेख यांच्या पायीं खर्च करी. याचें कारण समजण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. अशोक राजाचे लेख ज्या ब्राह्मी लिपींत आहेत, ती लिपि मध्ययुगांत विस्मरणांत गेली होती. चौदाव्या शतकांत फिरोजशहा तुघलकानें अशोकाचे स्तंभ दिल्लीस आणविले, परंतु त्यांवरील अक्षरें वाचूं शकेल असा एकही पंडित त्यास मिळाला नाहीं. आपल्याकडेही लेण्यांतील अक्षरें पाहून कोणी तीं पांडवांनीं कोरिलीं म्हणत, तर कोणी पुरलेल्या धनाची खूण समजत. सन १८३७ मध्यें कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांनीं ही लिपि उलगडली. मुंबई इलाख्यांत डॉ. जॉन विल्सन व डॉ. जॉन स्टीव्हन्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांनीं लेण्यांच्या व लेखांच्या अभ्यासाचा पाया घातला. त्याच मार्गानें पुढें जाऊन, विद्वानांच्या त्या सभेंत परदेशी पंडितांच्या बरोबरीनें बसणारे पहिल्या एतद्देशीयांपैकीं भाऊ दाजी हे एक होत.

युरोपखंडांतही पूर्वीं असेंच घडलें होतें. सन १३४५ मध्यें पेट्रार्क यास व्हेरोना शहरांत सिसरोचीं विसरलेलीं पत्रें सांपडलीं. पुढें गांवोगांवच्या मठांतून धुळीनें भरलेलीं पुस्तकें बाहेर निघूं लागलीं, आणि ग्रीक व लॅटिन विद्येस नवा जन्म आला. एरॅस्मसानें हस्तलिखितें ताडून ग्रीक नवा करार सन १५१६ मध्यें बासेल येथें छापिला, आणि त्याच्याच आधारें ल्यूथरानें सन १५२२ मध्यें तो जर्मन लोकांच्या घरगुती भाषेंत दिला. मूळ काय आहे तें पाहण्याचा ध्यास लागल्यावांचून यांतील कांहींच झालें नसतें. भाऊ दाजींस हाच ध्यास लागला होता.

त्यांची रीत अशी होती. दुसऱ्यानें केलेल्या नकलेवर विसंबून राहूं नये. शिळेवरून नवी नक्कल घ्यावी, ती पुन्हां शिळेशीं ताडावी, व मग अर्थ लावावा. अजिंठ्याचीं लेणीं सन १८१९ मध्यें एका इंग्रज शिकारी टोळीच्या दृष्टीस पडून पुन्हां उजेडांत आलीं होतीं. तेथील चित्रांची कीर्ति पसरली, परंतु भिंतींवरील लेखांचा नीट उलगडा झाला नव्हता. भाऊंनीं तेथें जाऊन ते लेख उतरून घेतले व त्यांचें वाचन भाषांतरासह प्रसिद्ध केलें. त्यामुळें वाकाटक राजांच्या काळाशीं या लेण्यांचा संबंध जुळविण्यास मोठें साहाय्य झालें.

आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांतील आंकड्यांचा प्रश्नही त्यांनीं हातीं घेतला. तेथील उषवदाताच्या लेखांत भिक्षूंस दिलेल्या ३,००० कार्षापण नाण्यांची नोंद आहे. त्या काळीं शून्याची आजची पद्धत लेखांत नव्हती. दहा, वीस, शंभर, हजार यांस निरनिराळ्या खुणा असत. स्टीव्हन्सन यांनीं आरंभ केलेलें हें वाचन भाऊंनीं पुढें नेऊन दुरुस्त केलें. आंकडा चुकला म्हणजे सन चुकतो, आणि सन चुकला म्हणजे सारा इतिहास चुकतो, हें ते जाणून होते.

या कामीं त्यांनीं जुनागढचे तरुण पंडित भगवानलाल इंद्रजी यांस पदरीं घेतलें. भगवानलाल भाऊंच्या खर्चानें हिंदुस्थानभर हिंडून लेख उतरून आणीत. पुढें ते स्वतः थोर संशोधक म्हणून प्रसिद्धीस आले.

आतां पाटणच्या शिळेकडे वळूं. सन १८६५ मध्यें भाऊंनीं आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल व भास्कराचार्य या ज्योतिष्यांच्या काळाविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. आर्यभटाच्या नांवावर नाना ग्रंथ चालत होते. भाऊंनीं हस्तलिखितें मिळवून त्यांतील खरा जुना ग्रंथ कोणता हें ठरविलें, आणि आर्यभटाचा जन्म इ. स. ४७६ मधील असल्याचें दाखविलें. त्याच निबंधांत पाटणच्या लेखाची हकीकत आली. हा लेख शके ११२८ नंतरच्या काळचा, म्हणजे तेराव्या शतकाच्या आरंभींचा, देवगिरीच्या यादवांच्या अमलांतील आहे. त्यांत भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ दिलेली आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांचे सिद्धांतशिरोमणि आदि ग्रंथ शिकविले जावे म्हणून तेथें मठ स्थापन केला, आणि तेथील निकुंभ घराण्याच्या राजांनीं त्यास देणगी दिली, असें त्यांत नमूद आहे.

लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे, व मला तोच अधिक हृदयंगम वाटतो. मठ केवळ राजाच्या कृपेवर चालत नव्हता. बाजारांत विकणाऱ्यानें व घेणाऱ्यानें आपापला लहानसा भाग द्यावा, आणि दर घाण्यामागें पळीपळी तेल द्यावें, अशी तजवीज त्यांत कोरून ठेविली आहे. ग्रहांचें गणित शिकणाऱ्या त्या विद्यार्थ्यांच्या दिव्यांत कदाचित् तेल्याच्या घरचें तेल जळत असेल. त्या तेल्यास सिद्धांतशिरोमणि समजत नसेल, परंतु त्याच्या पळीवांचून विद्येचें घर चाललें नसतें. पुढें राज्यें बदललीं, मठ मोडला, गांव ओस पडलें. लेख मात्र तसाच राहिला, आणि सुमारें साडेसहाशें वर्षांनीं एका वैद्यानें तो वाचला.

भाऊ दाजींचें चरित्र निर्दोष होतें असें म्हणणें खरेपणास धरून होणार नाहीं. कवि कालिदास हाच काश्मीरचा मातृगुप्त होय, असें मत त्यांनीं मांडिलें होतें. पुढील विद्वानांनीं तें स्वीकारिलें नाहीं. महारोगावर कडूकवठीच्या जातीच्या बियांच्या तेलाचा उपचार ते करीत व त्यानें गुण येतो अशी त्यांची ख्याति झाली. परंतु त्या औषधाची कृति त्यांनीं पुष्कळ काळ उघड केली नाहीं, व याबद्दल डॉक्टर मंडळींनीं त्यांस दोष दिला. सहाशें वर्षांची मुकी शिळा ज्यानें सर्वांसाठीं बोलती केली, त्यानें पीडितांचें औषध आपल्यापाशीं ठेवावें, याचें वाईट वाटल्यावांचून राहत नाहीं. थोर माणसाचाही एखादा कोपरा अंधारांत राहतो. तो झांकून ठेवण्यापेक्षां त्यावरून आपण सावध व्हावें हें बरें.

सन १८६५ मध्यें मुंबईच्या शेअरबाजाराचा फुगा फुटला, त्यांत भाऊंचेंही मोठें नुकसान झालें. तरी शोधाचें काम त्यांनीं सोडिलें नाहीं. अखेर शरीर थकलें, आणि सन १८७४ च्या मे महिन्यांत त्यांचा अंत झाला. वय पन्नाशीच्या फारसें पुढें गेलें नव्हतें. पुष्कळ टिपणें अपुरीं राहिलीं. त्यांच्या हस्तलिखितांचा संग्रह मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. भायखळ्याचें जें पदार्थसंग्रहालय उभारण्यांत त्यांचा मोठा वांटा होता व जें सन १८७२ मध्यें लोकांस खुलें झालें, त्यास सन १९७५ पासून त्यांचेंच नांव आहे.

वाचकहो, या चरित्रापासून विद्वानांनीं काय घ्यावें तें विद्वान पाहतील. आपण खेड्यांतील माणसांनीं काय घ्यावें? मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, विद्या शत्रूच्या हातून जितकी नष्ट होते, त्याहून अधिक ती वाचणारा न उरल्यानें नष्ट होते. पाटणच्या लेखावर कोणीं हातोडा घातला नव्हता. तो पुरा होता, फक्त वाचणारे संपले होते. आपल्या घरांतील पेटींत आजोबांचें जुनें पुस्तक, देवळाची जुनी नोंदवही, मोडी लिपींतील कागद असतील, ते वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वीं किंवा रद्दीवाल्याच्या तराजूंत घालण्यापूर्वीं एकदां कोणा जाणत्यास दाखवावे. आज मोडी वाचणारे आपल्या तालुक्यांत किती आहेत, हें ज्यानें त्यानें मोजून पाहावें.

दुसरी गोष्ट घाण्यामागील पळीची. आपल्या मंडळींतील बाया पीठ दळावयास बसण्यापूर्वीं मूठभर धान्य निराळें काढून ठेवीत, व त्या मुठींवर कित्येक खेड्यांतील शाळा व उपासना चालल्या, हें वडील माणसांच्या स्मरणांत आहे. मूठ लहान आहे म्हणून कोणी लाजूं नये. चांगदेवाचा मठ तशाच पळ्यांवर चालला. आणि राजांच्या देणग्यांबरोबर त्या पळीचीही नोंद दगडांत कोरली गेली, व आज आपण ती वाचीत आहों.